पत्रपेटी: रेवदंडा, ठाणे, दिमोना (प्रकल्पाच्या नोंदी)

१४ जानेवारी २०१९

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते. आजी गेल्या पावसाळ्यात वारली. तिच्या कपाटाच्या खालच्या खणात पत्र्याची पेटी निघाली. तीत तिच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे आमच्या मावशीआजीची, इस्रायलहून आलेली पत्रं आहेत. सगळ्यांत जुनं १९५९ चं, शेवटचं २००३ चं. पुढे फोन स्वस्त झाला आणि लिहिणं थांबलं. आजीनं इकडून पाठवलेली पत्रं दिमोनाला मावशीआजीच्या घरी जपून ठेवली आहेत, असं मामा सांगतो. (मामा म्हणजे मावशीआजीचा मुलगा, आईचा मावसभाऊ.) दोन्हीकडची पत्रं एकत्र करून, तारखेनं लावून, वाचता येतील अशी टाइप करायची, हे काम. सोबत रेवदंड्याच्या जुन्या घराचा नकाशा आणि आईकडच्या पिढ्यांची नोंद.

आमची नवी मुलं विचारतात म्हणून आमच्याविषयी थोडक्यात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, जुन्या कुलाबा जिल्ह्यातले ‘शनवार तेली’. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचा, म्हणून गावानं दिलेलं हे नाव. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांची आपण लेकरं, ही कथा आमच्याकडे पोर बसायला लागलं की कानावर पडते. १९४८ नंतर एकेक घर इस्रायलला निघालं. आता इकडे आम्ही काही हजार उरलो आहोत आणि तिकडे त्याच्या कितीतरी पट.

मावशीआजी निघाली १९५९ मध्ये, सांताक्रूझच्या विमानतळावरून, नवरा आणि कडेवर मामा. आजी राहिली. आजोबांची रेल्वेतली नोकरी होती आणि सासूबाई जायला तयार नव्हत्या. एवढ्या कारणानं दोन बहिणींची आयुष्यं दोन देशांत गेली.

२१ जानेवारी

आज तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष. खंडाळ्याला गेले, घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं. तिथे खडकावर एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) रथाच्या चाकाची आणि घोड्यांच्या टापांची खूण आहे अशी आमची श्रद्धा. मुंबई, ठाणे, पनवेल सगळीकडून लोक येतात, मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा. भोवती फळं, आणि हुंगायला सब्जाची डहाळी. ‘एलियाहू हन्नाबी’ गायलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

जाण्यामागे कामही होतं. पेटीत एक फोटो आहे, दोन परकरी मुली आणि मागे अंगरखा घातलेला म्हातारा. जमलेल्या वयस्कर बायकांना तो दाखवला. रेवदंड्याच्या एका आजींनी म्हाताऱ्याला लगेच ओळखलं: पणजोबा. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांनी पुन्हा घाणा सुरू केला होता, हे त्यांच्याकडून नव्यानं कळलं. पेन्शन येत असतानाही माणूस घाण्याकडे वळला, म्हणजे त्या कामाची त्यांना ओढ असणार. आईला हे माहीत नव्हतं.

३ फेब्रुवारी

स्कॅनिंग सुरू. फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय, टिफ फाइल. फाइलच्या नावात वर्ष, महिना, कोणी लिहिलं आणि पान. बहुतेक पत्रं निळ्या एरोग्रामवर आहेत. मावशीआजीनं कागदाचा बोटभरही कोपरा वाया जाऊ दिलेला नाही. मजकूर संपला की ती समासात उभी लिहिते, मग घडीच्या पाकळीवर, शेवटी डिंकाच्या पट्टीवर. त्यामुळे एका पत्राला चारपाच स्कॅन लागतात आणि कुठलं वाक्य कुठून पुढे जातं ते बाणांनी दाखवावं लागतं.

खालचा गठ्ठा चिकटलेला आहे. २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी शिरलं होतं, तेव्हा पेटी भिजली. आजीनं पत्रं पंख्याखाली वाळवली खरी, पण काही एकमेकांना धरून राहिली. ओढायची नाहीत. ओलसर टिपकागदाच्या घड्यांत रात्रभर ठेवून सकाळी पातळ सुरीनं सोडवायची. शाई पसरली आहे तिथे वाचता येईल तेवढंच लिहायचं, अंदाजानं भरायचं नाही.

१० फेब्रुवारी

तारखांचा घोळ आहे. मावशीआजी तारीख घालतेच असं नाही. ‘नव्याच्या सणाला आठ दिवस आहेत’ (म्हणजे आमच्या नववर्षाला), ‘शब्बाथ सुटल्यावर लिहीत आहे’ (शनिवारची विश्रांती संपल्यावर), ‘कालच पाऊस झाला, यंदाचा पहिला’. पाकिटांवरची तिकिटं थोरल्या काकानं संग्रहासाठी कापून घेतली, त्यांच्याबरोबर टपालाचे शिक्केही गेले. सणांवरून हिब्रू पंचांग लावून वर्ष काढते आहे. सण दरवर्षी इंग्रजी तारखेत मागेपुढे होतात, त्याचा इथे उपयोग होतो.

२४ फेब्रुवारी

पहिल्या पाच वर्षांची पत्रं वाचून झाली. दिमोना हे गाव वसलंच १९५५ मध्ये, नेगेवच्या वाळवंटात. मावशीआजी पोचली तेव्हा घरं नवी, रस्ते अर्धे, झाड कुठे नाही. लहानपण नारळी-पोफळीच्या वाडीत आणि कुंडलिकेच्या मुखाशी गेलेली मुलगी लिहिते: ‘ताई, इथे वाळू आपल्या बंदरापेक्षा जास्त, पण पलीकडे समुद्र नाही. पहिले काही दिवस मी चालत गेले की मनात येई, ही टेकडी उतरले की दिसेल.’

नवरा परळच्या गिरणीत होता, तिथेही कापडगिरणीत लागला. मोरोक्कोचे शेजारी, रुमानियाचे शेजारी, कोणाची भाषा कोणाला येत नाही. ती आमसुलं मागते, कडवे वाल मागते, जाड पोहे मागते. आजीनं वालांची पिशवी पाठवली ती तीन महिन्यांनी पोचली आणि वालांना भोकं पडलेली. ‘तरी निवडून अर्धे निघाले, बिरडं केलं, नारळ नाही म्हणून दाण्याचं कूट घातलं. चव वेगळी, पण वास आपल्या घराचा.’

आणि मग मार्च १९६२ चं पत्र. हे मी एका बैठकीत वाचू शकले नाही.

तिच्या दिराचं लग्न मोरोक्कोहून आलेल्या एका घरात ठरलं होतं. त्याच सुमारास तिथल्या मुख्य रब्बी मंडळानं (ज्यू धर्मगुरूंच्या) आदेश काढला की बेने इस्रायल माणसाचं बाहेरच्या ज्यूशी लग्न लावायचं, तर त्याची आई, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं तपासावं. दोन हजार वर्षं शनिवार पाळलेला, खवल्यांच्या माशाखेरीज मासा न खाल्लेला, आठव्या दिवशी सुंता केलेला समाज, आणि त्याला दारात थांबवून विचारलं जातं की तुम्ही नक्की आपलेच ना. मावशीआजीचा दीर सैन्यात होता. ती लिहिते: ‘बंदूक देताना कोणी आजीचं नाव विचारलं नाही.’ पुढे लगेच कामाचं: ‘भाऊजींच्या आईचं माहेर आपल्याच आळीतलं. बाबांना विचार, त्यांच्याकडे काही लेख असेल तर उतरवून पाठव. लवकर पाठव, ताई, मुलगी चांगली आहे.’

म्हणजे स्वतःच्या देशात पोचलेल्या माणसाला आपण तिथले आहोत हे सिद्ध करायला रेवदंड्याहून कागद मागवावा लागला. या गोष्टीचा मला आजही राग येतो आणि तो मी नोंदीत लिहून ठेवते आहे.

१० मार्च

रेवदंडा. आई सोबत होती. गेटवेवरून लाँचनं मांडवा, पुढे अलिबागहून एसटी. आईला लहानपणीचा भाऊच्या धक्क्याहून रेवसचा प्रवास आठवत होता, लाँच लागली की पाण्यात पैसा टाकणाऱ्या बायका, आणि आजी मात्र टाकायची नाही, नुसता हात जोडायची.

आधी बेथ एल सिनेगॉग, आमचं प्रार्थनास्थळ. आजी त्याला आयुष्यभर ‘मशीद’च म्हणायची, आमची जुनी माणसं तसंच म्हणत. नेहमीची प्रार्थना आता होत नाही. मिन्यानला (सामुदायिक प्रार्थनेच्या जमावाला) दहा पुरुष लागतात, ते गावात नाहीत. आतल्या बाकांवर आई बराच वेळ बसून राहिली, मी फोटो घेतले.

घर १९७० च्या सुमारास विकलं. आताच्या मालकांनी आम्हाला ओटीवरच अडवलं नाही, सरळ स्वयंपाकघरापर्यंत नेलं, चहा केला. ओटी तीच, छप्पर बदललं आहे. घाण्याचं दगडी उखळ मागच्या अंगणात उलटं घालून बसायला केलंय. मुख्य दाराच्या उजव्या बाहीवर, खांद्याच्या उंचीला, दोन खिळ्यांची भोकं आणि मधे तिरका फिकट पट्टा. तिथे मझुझा होती, दाराला लावायची धर्मवचनांची डबी. घरधनी म्हणाले, रंगारी दरवेळी विचारतो हे बुजवू का, आम्ही म्हणतो राहू दे, त्यांच्या देवाचं आहे. आईला बोलता येईना.

शेजारच्या म्हाताऱ्या काकू काठी टेकत आल्या. ‘कवा आलीस गो?’ असं आईला म्हणाल्या, जणू ती गेल्याच महिन्यात गेली होती. त्यांच्याकडून मिळालेली माहिती: शुक्रवारी दिवे लागले की या घरात चूल पेटायची नाही, म्हणून शनिवारी गरम पाणी आणि दूध त्यांच्या सासूबाई पोचवत, उलट त्यांच्या घरी लग्न असलं की तेल इथूनच जाई. पोरगी गेली तेव्हा (म्हणजे मावशीआजी) सगळी आळी एसटीच्या थांब्यापर्यंत गेली होती. तिला निरोप द्यायला पणजोबा मात्र आले नाहीत, घाण्यापाशीच बसून राहिले.

नकाशासाठी मोजमापं घेतली. एक प्रश्न उरला: फणस विहिरीच्या डावीकडे की उजवीकडे? विहीर बुजवली आहे, फणस पडला. आजी नेहमी डावीकडे म्हणायची. पत्रांत मावशीआजी उजवीकडे म्हणते आणि त्यावरून दोघींचं चांगलंच वाजलेलं आहे.

परतताना नवगावचं कबरस्तान. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जहाज फुटून मेलेल्यांचे उंचवटे आणि पूर्वजांचं स्मारक. आईनं दगड ठेवला.

२१ मार्च

यंदा आमचा पुरीमचा सण आणि धुळवड एकाच दिवशी आली. आजी पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणायची, पुरणपोळी दोन्हीकडून ठरलेलीच. १९६६ च्या पत्रात मावशीआजी विचारते, ‘तुझी होळी आणि आपली होळी या वर्षी जवळ आल्या का?’ त्याचं उत्तर आजीनं काय दिलं ते दिमोनाच्या पेटीत असेल.

७ एप्रिल

पेटीतला मोडी कागद वाचून मिळाला. ठाण्यातल्या एका मोडी जाणकारांकडे दिला होता. आम्ही सगळे तो घाण्याचा हिशेब धरून चाललो होतो. त्यात पणजोबांच्या हातच्या दोन वंशावळी आहेत, बायकांच्या. वरची व्याह्यांच्या घरची: मुलाची आई, तिची आई, तिची आई, अशा पाच पिढ्या, प्रत्येकीचं माहेर आणि सासर: रेवदंडा, चौल, अष्टमी, थळ, पुन्हा रेवदंडा. खाली लिहिलं आहे की ही नावं त्यांच्या घरच्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानांवरून आणि आळीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून घेतली. त्याखाली दुसरी यादी आमच्याच आईकडच्या बायकांची, ‘धाकटीस कधी लागलीच तर’ एवढ्या नोंदीसह.

१९६२ मध्ये मागवलेला लेख तो हाच. आजीनं देवनागरीत उतरवून पाठवला आणि मूळ स्वतःजवळ ठेवलं. वडिलांनी मुलीला निरोप द्यायला एसटीपर्यंत पाय टाकला नाही, पण तिच्या दिरासाठी आळीतल्या म्हाताऱ्यांच्या दारोदार फिरले. पणजोबांबद्दल काकूंनी जे सांगितलं होतं ते या कागदाशेजारी ठेवून वाचावं.

नावं इथे देत नाही, ती घरच्या वहीत घेतली आहेत.

लग्नाचं काय झालं तेही पत्रांतून कळलं. तिकडे आमच्या लोकांनी दोन वर्षं भांडण चालवलं. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं (तिथल्या संसदेनं) ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. लग्न त्याच वर्षी नव्याच्या सणानंतर झालं. मुलगी थांबली होती. ‘मेंदी त्यांच्यातही असते, ताई! त्यांच्या बायकांनी आणि आपल्या बायकांनी एकाच परातीत कालवली.’

१९ एप्रिल

आज रात्री पेसाह, मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण. त्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, आईनं मराठीतून वाचली, आजी वाचायची तशी. मराठी हग्गादा १८४६ पासून छापली जाते आहे. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीत साड्या नेसलेल्या बायका बैठक मारून बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. त्या चित्राची चांगली प्रत मिळवून पत्रांच्या पुस्तकात घालायची आहे. काम आठवडाभर बंद.

२० मे, दिमोना

मुंबईहून थेट विमान, मग आगगाडीनं बेअरशेबा, तिथून मामाची गाडी. कोपऱ्यावर भारतीय दुकान. बाहेर तांदळाची पोती, आत पोहे, आमसुलं, कांदा-लसूण मसाला. १९५९ च्या मागण्यांची यादी हातात घेऊन उभी राहिले असते तर सगळं मिळालं असतं.

मावशीआजी खिडकीजवळ बसली होती. ८१ वर्षांची, बारीक झालीय, केस अजून तेल लावून घट्ट बांधलेले. मामानं फोनवर जेवढं सांगितलं होतं त्याहून पुष्कळ बदललं आहे. गेल्या दोन वर्षांत तिची हिब्रू गेली. साठ वर्षं बाजार, दवाखाना, बँक जिच्यावर केली ती भाषा उतरली आणि मराठी तेवढी राहिली. मामाला मराठी कळते, बोलताना अडखळतो. नातवंडांना कळत नाही. सांभाळणारी बाई केरळची, तिला थोडं हिंदी येतं, त्यावर दोघींचं चालतं.

धाकटी नात मला दारातच म्हणाली (आम्ही इंग्रजीत बोलतो), ‘ती रात्री काहीतरी मागत राहते. पाणी आणलं तर नाही म्हणते, गोळी आणली तर नाही म्हणते. तू इथे आहेस तोवर ऐक.’ रात्री ऐकलं. ती गोधडी मागत होती. तिकडे जाड ब्लँकेट असतं, तिला अंगावर जुनी मऊ चादरींची गोधडी हवी होती.

२१ मे

दुसरी पेटी मिळाली. बिस्किटाचा डबा, आजीची पत्रं सालवार दोऱ्यानं बांधलेली, इकडच्यापेक्षा नीट. हवा कोरडी, त्यामुळे कागद कुरकुरीत पण शाई ताजी. फोनच्या कॅमेऱ्यानंच प्रती घेतल्या, दिवसाच्या उजेडात, वर काच ठेवून.

दोन्ही पेट्या समोरासमोर ठेवून वाचण्याचा अनुभव मला शब्दांत नीट मांडता येत नाही. जून १९६७ मध्ये, तिकडच्या युद्धात, मावशीआजी लिहिते, खिडक्यांना निळा कागद लावलाय, मुलं पलंगाखाली झोपवली. डिसेंबर १९७१ मध्ये आजी ठाण्याहून लिहिते, आम्हीही काळा कागद लावला, भोंगा झाला की मी तुझं पत्र आठवते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आजीची भांडी फळीवरून पडली. बातमी तिकडे रेडिओवर पोचली आणि मावशीआजीचं पत्र निघालं, ‘ताई, घर उभं आहे ना?’ दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरी थापल्या जात नाहीत म्हणून आजी वैतागलेली. उत्तरात वाळवंटातली बहीण पीठ उकडून घ्यायला शिकवते.

१९६९ मध्ये पणजोबा गेल्याचं आजीचं पत्र याच डब्यात आहे. अर्धं पान. त्यावर मावशीआजीनं मागे पेन्सिलीनं हिब्रू तारीख लिहिली आहे आणि पुढे दरवर्षीची यार्त्साइटची (पुण्यतिथीची) तारीख, १९७० पासून २०१५ पर्यंत, एका खाली एक. शेवटच्या ओळी थरथरत्या हाताच्या.

२२ मे

उन्हाचा कहर, बाहेर पडणं अशक्य. नकाशा मावशीआजीसमोर ठेवला. तिला कागद कळला नाही. मग मी म्हटलं, ‘मावशीआजी, विहिरीवर जायचंय, कुठून जाऊ?’ ती बसल्या जागी उठल्यासारखी झाली. मागच्या दारातून पायरी उतर, उखळाला वळसा घाल, तुळशीच्या (ती शेजाऱ्यांची) भिंतीकडे जाऊ नको, उजव्या हाताला फणस, तिथे मुंग्या असतात. सगळं हातानं दाखवत. म्हणजे ती मागच्या दारातून निघते, आणि आजी नेहमी रस्त्याकडून, पुढून सांगायची. दोघीही बरोबर होत्या. १९९३ मध्ये आजी पहिल्यांदा इथे आली, दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पुरते जुळल्यावर, तेव्हा चौतीस वर्षांनी भेटलेल्या या बहिणींनी पहिली रात्र याच फणसावरून भांडण्यात काढली, असं मामा सांगतो.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. आईचा आवाज आजीसारखा आहे, चेहराही उतरत्या वयात तसाच होत चाललाय. मावशीआजीनं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘ताई, किती दिवसांनी गं. औषध घेतेस ना?’

आजी गेल्याचं तिला कोणी सांगितलेलं नाही. सांगितलं होतं एकदा, ती दोन दिवस जेवली नाही, मग विसरली, पुन्हा विचारायला लागली, तेव्हा मामानं थांबवलं.

आई क्षणभर गप्प होती. मग म्हणाली, ‘घेते गं. तू जेवलीस का?’

२३ मे

रात्रभर यावर विचार केला. नात म्हणते हे फसवणं आहे. मला तसं वाटत नाही. मावशीआजीला ताई हवी आहे आणि ताईच्याच पोटची लेक ताईच्या बोलीत तिला जेवलीस का विचारते आहे. हे नातं खरं आहे. नात ऐकून घेते, पण तिचं मत तिनं सोडलेलं नाही आणि तिच्या मनाची कळकळ मला दिसते.

तिच्यासाठी आणि केरळच्या बाईसाठी एक तक्ता केला. मावशीआजी जे वारंवार म्हणते ते हिब्रू लिपीत आणि इंग्रजीत, पुढे काय करायचं ते. गोधडी, कढत पाणी, पाठ चोळ, दार लोटून घे, दिवा लाव (फक्त शुक्रवारी). आईच्या आवाजात प्रत्येक वाक्य रेकॉर्ड करून फोनवर देणार. हे मूळ कामात नव्हतं, पण आता पत्रांच्या आधी हे.

१६ जून

रेकॉर्डिंग पाठवलं. आईनं आपणहून अंगाईही म्हटली, ती यादीत नव्हती. टाइपिंग १९६८ पर्यंत. आजीचं जुन्या वळणाचं शुद्धलेखन मुद्दाम तसंच ठेवते, बदलत नाही.

७ जुलै

आजीचं वर्ष. ठाण्याच्या शाआर हशामाइममध्ये थोरल्या काकानं कद्दिश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हटलं. हे सिनेगॉग १८७९ चं आणि इथे अजून मिन्यान भरतो, याचं मोल रेवदंड्याला जाऊन आल्यापासून जास्त कळतं.

११ ऑगस्ट

बिरड्याचा रोजा (तिशा बेआव, जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या शोकाचा उपास). मोड आणलेले वाल सोलायला आई आणि मी बसलो. दिमोनाला फोन लावून ठेवला होता. मावशीआजीनं पडद्यातून वाल पाहिले आणि ‘साल नखानं काढ, चिरडू नको’ म्हणून आईला दटावलं. नात शेजारी होती, तिनं पहिल्यांदा काय चाललंय ते आमच्याकडून पुरतं समजून घेतलं आणि तिच्याकडेही वाल भिजत घालायचं ठरवलं.

२९ सप्टेंबर

आज रात्री नव्याचा सण. चिकाचा हलवा: गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक गाळून, नारळाच्या दुधात साखर घालून आटवायचा. हात थांबवला की तळाला लागतो. आजीनं १९८१ च्या पत्रात कृती दिली आहे, मापं ‘आपल्या निळ्या भांड्यानं’. निळं भांडं आईकडे आहे. पाणी भरून मोजलं, पावणेदोन लिटर. दिमोनाला तेवढं कळवलं.

३ नोव्हेंबर

दोन्ही पेट्यांची पत्रं टाइप होऊन तारखेनं लागली. मूळ कागदांचं काय करायचं यावर गेले दोन आठवडे मामा आणि आई यांच्यात बोलणं चालू होतं. मामाचं म्हणणं, सगळी एकत्र एखाद्या ग्रंथालयाला द्यावीत. आई म्हणाली, प्रती द्या, कागद ज्याला लिहिले त्याच्या घरात राहतील. मी आईच्या बाजूनं आहे. मामानं मान्य केलं.

दरम्यान कामाला वेगळंच वळण लागलं आहे. ऑगस्टपासून आई फोनवर मावशीआजीला आजीची पत्रं वाचून दाखवते. एका वेळी एक, संध्याकाळी, तिकडे दुपारचं जेवण झाल्यावर. मावशीआजी मधेच उत्तर देते, कधी तिनं तेव्हा पत्रात दिलं होतं तेच, कधी वेगळं. ही उत्तरं मी पत्रांच्या खाली वेगळ्या रंगात लिहिते आहे. वाचायला सोपं जावं म्हणून १८ पॉइंटमध्ये छापून आईला देते.

आता १९६९ आलं. पणजोबा गेल्याचं पत्र वगळावं असं मी आणि मामा दोघांनी सुचवलं, फाइलवर ‘वाचू नये’ अशी खूणही केली होती. आईनं ती काढायला लावली. ‘तेव्हा ती एकटी रडली असेल परक्या गावात. या वेळी मी असेन ना फोनवर.’

नातीला त्या वेळी घरी थांबायला सांगितलं आहे, ती रजा घेते आहे. खूण काढली, अर्धं पान छापलं. त्याच्यासोबत पुढच्या महिन्याचं पत्रही छापून दिलं, ज्यात आजी फणसाच्या पहिल्या गऱ्यांविषयी लिहिते. एकाच बैठकीत दोन्ही वाचायची, असं ठरलं. मंगळवारी, इकडच्या पाच वाजता.